अटक आणि अंगाई

अटकेचे नाव निघाले की आम्हां मराठी माणसांची छाती फुगते. १७५८ सालचा तो पराक्रम आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. परंतु त्याच शतकात मराठी घोडी पूर्वेकडेही दौडली होती, हे आपल्या घरांतून क्वचितच सांगितले जाते. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगाल्यावर स्वाऱ्या केल्या. तेथील आया बाळाला निजविताना अद्याप 'बर्गी' आल्याचे गाणे म्हणतात. हा बर्गी म्हणजे आपलाच बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार! (शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे; पण ज्याचे घर जळाले त्याला हा भेद काय कामाचा?) कलकत्त्यात तर मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणावयास घेतला होता. मराठे तेथवर गेलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला. गंगाराम नामक कवीने याच स्वाऱ्यांवर 'महाराष्ट्र पुराण' रचले. नावावरून वाटावी स्तुती. आत मात्र गाव सोडून पळणारी माणसे भेटतात.

हल्ली आम्ही अटकेपाठोपाठ बर्गीही शिकवितो. मुले विचारतात, "मग सर, आपण शूर की लुटारू?" तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालूच असतो, आणि आम्हीही तो मिटवीत नाही.