‘तमस’चा प्रेक्षक : रसविघ्नाच्या बाजूने

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘तमस’ ही मालिका १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागली, त्याला आता तीन तपांहून अधिक काळ लोटला. तिच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले गेले, त्यात एक निरीक्षण वारंवार येते : ही मालिका पाहवत नाही आणि पाहणे सोडवतही नाही. निरीक्षण अचूक आहे. आक्षेप आहे तो त्याच्या स्पष्टीकरणांना. ही स्पष्टीकरणे मुख्यतः दोन. रसवादी स्पष्टीकरण म्हणते, दुःखाचे कलेत रूपांतर झाले की ते आस्वाद्य होते. अस्वस्थता ही त्या वाटेवरची एक पायरी. बोधवादी स्पष्टीकरण म्हणते, अंधाराच्या दर्शनाने प्रेक्षक शहाणा होतो. अस्वस्थता हे त्या शहाणपणाचे मोल. या दोन भूमिकांमागे कलावाद आणि जीवनवाद यांचे आपले जुने भांडण उभे आहे. परंतु एका बाबतीत दोघांचे पूर्ण एकमत आहे. दोघेही प्रेक्षकाला निर्दोष सोडतात. ‘तमस’ मात्र तसे सोडत नाही, आणि तिचे सारे वाङ्मयीन सामर्थ्य या न सोडण्यात आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

आरंभीचेच दृश्य घ्यावे. भीष्म साहनी यांची कादंबरी आणि मालिका दोन्ही येथूनच सुरू होतात. कातडी कमावणारा नत्थू एका बंद, कोंदट खोलीत डुक्कर मारण्याचा प्रयत्न करतो आहे. हे काम त्याने पूर्वी कधी केलेले नाही. मुराद अलीने पाच रुपये हातावर ठेवले आहेत आणि जनावरांच्या डॉक्टरला डुक्कर हवे आहे, एवढेच सांगितले आहे. प्रसंग लांबत जातो. जनावर मरत नाही, रात्र सरत नाही. अशा वेळी पाहणाऱ्याच्या मनात काय चालते? प्रारंभी किळस येते, मग दया येते. पण थोड्याच वेळात हे डुक्कर एकदाचे मरावे, म्हणजे आपलीही सुटका होईल, ही एकच इच्छा उरते. ती इच्छा पुरी होते. पुढे तेच जनावर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि शहर पेटते. ज्या कृत्यातून हे सारे उद्भवले, ते पार पडावे असे आपल्यालाही वाटले होते, ही गोष्ट प्रेक्षकाला नंतर विसरता येत नाही. शिवाय ते कोणी करवून घेतले हे शहरात ज्या थोड्यांना ठाऊक आहे, त्यांत आता आपणही आहोत. इतर पात्रे तर्क लढवतात, अफवा पसरवतात, शस्त्रे गोळा करतात. आपण जाणतो आणि गप्प बसतो. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला दुसरे काही करताच येत नाही, हे खरे. पण गप्प बसण्याची सक्ती आणि गप्प बसण्याची सोय यांतली सीमारेषा किती पुसट असते, हेच तर ‘तमस’ दाखवते. आपण डोळे हटवू शकत नाही, कारण साक्षीदाराला ती मुभा नसते.

आता रसवादी मताकडे वळू. दुःखद कलाकृतीपासून आनंद कसा मिळतो, हा प्रश्न मराठी साहित्यविचाराला नवा नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि तरीही स्वतःचे भान राखतो, या दुहेरीपणातच आनंद आहे. ‘तमस’च्या प्रेक्षकाचे वर्णन यातून निम्मेच होते. त्याची समाधी सविकल्प खरी. पण तेथे जो विकल्प उरतो, म्हणजे स्वतःचे जे भान उरते, तेच दुखऱ्या जागी नेते. नत्थूच्या भूमिकेत शिरणे सोपे आहे. शिरून परत आल्यावर आपण कोण, हा प्रश्न अवघड आहे.

अभिनवगुप्त येथे अधिक उपयोगी पडतो, फक्त त्याला उलट्या दिशेने वाचले पाहिजे. ‘शाकुंतला’तल्या जिवाच्या आकांताने पळणाऱ्या हरिणाची भीती कोणा एकाची राहत नाही, ती देशकालातून मुक्त होते आणि म्हणूनच भयानक रसाला पोचते, असे तो सांगतो. ज्या सात विघ्नांमुळे रसप्रतीती अडते, त्यांत विशिष्ट देशकालात, ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ यांत अडकून राहणे हे एक मोठे विघ्न त्याने मानले आहे. ‘तमस’ हे विघ्न दूर करत नाही, जाणीवपूर्वक राखते. येथली भीती हरिणाची नाही. तिला नाव, गल्ली, धर्म आणि जात आहे. नत्थूच्या जातीवाचून हे काम त्याच्याकडे आलेच नसते. स्वतः लेखक भीष्म साहनी, ज्यांचा जन्म १९१५ मध्ये रावळपिंडीत झाला, ते हरनामसिंगाच्या भूमिकेत पडद्यावर वावरतात. अशा वेळी साधारणीकरण कशाचे करायचे? ज्या समीक्षेला विघ्न हा केवळ दोष वाटतो, ती या मालिकेचे मूल्यच दोषांच्या यादीत टाकते.

‘पण हा तर चाळीस वर्षांपूर्वीचा काळ होता, अंतरामुळे साधारणीकरण आपोआप होते,’ असा युक्तिवाद केला जाईल. तो कादंबरीच्या जन्मकथेपुढे टिकत नाही. फाळणी प्रत्यक्ष भोगलेल्या साहनींनी दीर्घकाळ या विषयावर कादंबरी लिहिली नव्हती. १९७० च्या दंगलीनंतर ते भिवंडीला गेले. तेथल्या जळक्या वस्तीत त्यांना रावळपिंडी आठवली आणि त्यातून ‘तमस’ लिहिली गेली. १९७५ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. म्हणजे या ऐतिहासिक कादंबरीचे बीज आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या यंत्रमागांच्या गावात पडले आहे. मराठी वाचकाने ती ‘पंजाबची शोकांतिका’ म्हणून वाचावी, यापरता सोयीस्कर गैरसमज दुसरा नाही.

बोधवादी मताला न्यायालयाचीच मान्यता आहे. प्रसारणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणाचा मार्ग मोकळा केला. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. कलाकृतीचा परिणाम दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसावरून न जोखता समंजस आणि खंबीर माणसावरून जोखावा, आणि असा माणूस भूतकाळातील चुकांपासून धडाच घेईल, हे त्या निकालाचे सार. बंदीच्या मागणीला हे उत्तर योग्यच होते आणि आविष्कारस्वातंत्र्याच्या दृष्टीने आपण त्याचे ऋणी आहोत. पण न्यायालयाला प्रसारणापुरता निर्णय द्यायचा होता. समीक्षेने तो आस्वादाचा सिद्धांत म्हणून उचलावा, हे आश्चर्य आहे. त्याच आठवड्यांत, त्याच दूरदर्शनवर, रविवारी सकाळी ‘रामायण’ चालू होते आणि दोन्ही मालिका पाहणारी घरे असंख्य होती. ‘तमस’ पाहून देश शहाणा झाला असता, तर डिसेंबर १९९२ आणि त्यानंतरची मुंबई आपल्याला पाहावी लागली नसती. अस्वस्थ होणे म्हणजे शहाणे होणे नव्हे. उलट, ‘आपण अस्वस्थ झालो’ हे समाधान पुष्कळदा शहाणपणाची जागा अडवून बसते.

कादंबरीतच या समाधानाचे एक जिवंत व्यक्तिचित्र आहे, आणि आपल्या समीक्षेने त्याच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. जिल्ह्याचा गोरा अधिकारी रिचर्ड हा क्रूर माणूस नाही. तो इतिहासाचा व्यासंगी आहे, तक्षशिलेचे अवशेष आणि बुद्धमूर्ती यांत रमणारा रसिक आहे. शहरातले शिष्टमंडळ हस्तक्षेपाची विनंती घेऊन येते तेव्हा तो अत्यंत सभ्यपणे ती टाळतो. त्याला सारे दिसते, सारे समजते, सारे रोचक वाटते. रसिकता आणि निष्क्रियता यांचे इतके निरोगी सहजीवन भारतीय कादंबरीत क्वचितच आले असेल. ‘तमस’च्या कलात्मकतेवर लिहिताना आपली समीक्षा नत्थूच्या कोंदट खोलीत नसते, ती रिचर्डच्या दिवाणखान्यात असते.

मालिकेचा गौरव करताना तिच्या तडजोडीही सांगितल्या पाहिजेत. कादंबरीत नत्थू मधूनच दृष्टीआड होतो आणि त्याच्या मरणाचे दृश्य आपल्याला मिळत नाही; शेवटी शांतता-समितीच्या बसमध्ये पुढे बसून घोषणा देणारा मुराद अली मात्र दिसतो. निहलानींनी नत्थू आणि कर्मो यांचा प्रवास मध्यवर्ती केला. ओम पुरींच्या अभिनयाने हा प्रवास हृदयद्रावक झाला, हे खरे. परंतु नत्थूचा पश्चात्ताप आणि अंत यांमुळे प्रेक्षकाच्या वाट्याचे प्रायश्चित्त परस्पर उरकले गेले. दुसरी जागा विहिरीची. गुरुद्वारातून निघालेली स्त्रियांची रांग आणि प्रार्थनेचे सूर यांनी तो प्रसंग असा भारून टाकला आहे की दचकण्याऐवजी हात जोडले जातात. प्रेक्षकाला स्वतःच्या सुखदुःखातून सोडवण्यासाठी गानवाद्ये असतात, असे अभिनवगुप्त म्हणतो. येथे ती नेमके तेवढेच काम करतात. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा येथे हे प्रत्यक्ष घडले होते. उर्वशी बुटालिया यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात, उडी घेऊनही विहीर भरलेली असल्याने न बुडालेल्या एका स्त्रीची साक्ष नोंदवली आहे, आणि हौतात्म्याच्या भाषेने काय काय झाकले जाते, हा प्रश्न विचारला आहे. ती साक्ष ज्याने वाचली, त्याला ते दृश्य पूर्वीसारखे पाहता येणार नाही.

याउलट राजोचा प्रसंग पाहावा. हरनामसिंग आणि बंतो ज्या घरी आसरा घेतात, त्याच घरचे पुरुष त्यांची पेटी लुटून घरी आणतात. सुरेखा सिक्रींची राजो त्यांना लपवते. तिच्या चेहऱ्यावर औदार्याचे तेज नाही, अडचणीत सापडलेल्या बाईची चिडचीड आणि धास्ती आहे. माणुसकी आणि लूट एकाच छपराखाली नांदतात. येथे उदात्ततेत पळ काढता येत नाही, की निषेधातही. मालिकेतला हा सर्वश्रेष्ठ भाग आहे, कारण येथे विघ्न अखंड राहते.

मग प्रेक्षकाचे हे खिळून राहणे म्हणजे निव्वळ रक्तपाताचे कुतूहल नव्हे काय? काही अंशी आहेच, आणि ते नाकारण्यात हशील नाही. मुद्दा असा की चांगली कलाकृती त्या कुतूहलाला शुद्ध करून परत देत नाही. त्याच्या मालकाचे नाव सांगते. आपल्या समीक्षेने गेली कित्येक दशके प्रेक्षकाच्या अस्वस्थतेवर उपचार केले, कधी आनंदाचे नाव देऊन, कधी बोधाचे. आता तिने या वैद्यकीतून निवृत्त व्हावे. डुक्कर मरावे असे आपल्याला का वाटले, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘तमस’वर लिहिलेले कोणतेही विवेचन, मग ते रसाच्या बाजूने असो वा समाजाच्या, मुराद अलीच्या घोषणांइतकेच शांतताप्रिय ठरेल.