आधी काचपट्टी, मग सुई

पावसाचे आठ-पंधरा दिवस झाले, कोठ्यात दमट उकाडा साचला, की अचलपूर-परतवाड्याच्या पट्ट्यात संकरित गायींना ताप येऊ लागतो. गाय कुटाराला तोंड लावत नाही, दूध निम्म्यावर येते, अंगाला हात लावला तर चटका बसतो. मग धावपळ होते. जो लवकर मिळेल त्याला बोलावले जाते. तो तापाचे एक, जंतुसंसर्गाचे एक आणि ताकदीचे एक अशी तीन इंजेक्शने देऊन जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी गायीच्या पापणीची आतली बाजू पांढरीफटक दिसू लागते आणि तेव्हा कुठे कोणीतरी विचारतो, रक्त तपासले काय?

हा प्रश्न पहिल्या दिवशी, पहिली सुई टोचण्याआधी विचारला गेला पाहिजे. गोचिडांमुळे येणारे ताप बाहेरून एकमेकांसारखे दिसतात, पण त्यांची औषधे वेगळी आहेत. थायलेरिया या परजीवीने आजारी पडलेल्या गायीला बुपारव्हाक्वोन लागते. बॅबेशिया असेल, म्हणजे लघवी कॉफीच्या रंगाची होणारा आजार, तर डिमिनाझीन. ॲनाप्लाझ्मा असेल तर ऑक्सिटेट्रासायक्लिन. थायलेरियाच्या गायीला नुसते प्रतिजैविक देत बसले तर आजार आपल्या वेगाने पुढे जातो, पैसे मात्र संपतात. शिवाय त्या औषधाचे अंश दुधात उतरतात आणि ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाते, हे वेगळेच.

तिन्ही आजार वेगळे ओळखण्याचे साधन फार मोठे नाही. कानाच्या शिरेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवून पक्का करायचा, जिम्सा रंगात अर्धा-पाऊण तास ठेवायचा आणि तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. तासाभराचे काम आहे. तांबड्या पेशीत लहान अंगठीसारखे किंवा स्वल्पविरामासारखे ठिपके दिसले तर थायलेरिया, पेरूच्या बियांसारखी टोकाशी जुळलेली जोडी दिसली तर बॅबेशिया, पेशीच्या कडेला गडद टिंब दिसले तर ॲनाप्लाझ्मा. खांद्यापुढची गाठ सुजली असेल तर तिच्यात सुई घालून काढलेल्या द्रवात थायलेरियाची खूण रक्ताच्याही आधी सापडू शकते.

थायलेरिया इतका घातक का, हे समजून घेण्यासारखे आहे. हा परजीवी गायीच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. याच पेशी शरीराचे राखणदार. आत गेल्यावर तो त्या पेशीला मारत नाही. तो तिला सतत विभागायला लावतो आणि पेशीबरोबर स्वतःही विभागला जातो. कर्करोगाच्या पेशी जशा बेबंद वाढतात, तशाच या वाढतात. गाठी सुजतात त्या यामुळे. योग्य औषधाने परजीवी मेला की पेशीची ही बेबंद वाढ थांबते. म्हणून जगभरच्या कर्करोग संशोधकांनाही या गोचीड तापात रस आहे. पण परजीवी पुढे तांबड्या पेशींत उतरला आणि त्या झपाट्याने नष्ट होऊ लागल्या, की औषध लागू पडूनही गाय रक्तावाचून जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांचे मोल यासाठीच.

आता हा आजार इथे एवढा का? अचलपूरचे जुने नाव एलिचपूर. पाठीमागे झुकलेल्या, तलवारीसारख्या लांब शिंगांची जी म्हैस नागपुरी म्हणून ओळखली जाते, तिला एलिचपुरी असेही म्हणतात. ही म्हैस आणि इथली गावरान गाय पिढ्यान्‌पिढ्या गोचिडांबरोबर राहत आली. त्यांनाही थायलेरियाची लागण होते, पण बहुधा सौम्य. वासरूपणी लागण होऊन गेली की शरीर परजीवीला काबूत ठेवायला शिकते आणि जनावर वर्षानुवर्षे त्याचा वाहक म्हणून हिंडते. होल्स्टीन किंवा जर्सी रक्ताच्या गायीला हा वारसा नाही. कर्जबाजारी शेतकऱ्याला जोडधंदा हवा म्हणून 2006 च्या 3,750 कोटी रुपयांच्या पंतप्रधान पॅकेजमध्ये अमरावती, अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांत जादा दूध देणारी जनावरे वाटली गेली. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली, ती मुख्यतः चारा-पाण्यावरून. रक्ताचा मुद्दा कमी बोलला गेला. ज्या कोठ्यात वाहक म्हैस बांधली आहे आणि भिंतीच्या भेगांत हायलोमा जातीच्या गोचिडांची पैदास होते आहे, तिथे लागण न पाहिलेली संकरित गाय आणून बांधणे म्हणजे तिला थेट आजाराच्या तोंडी देणे. गाय देणाऱ्या प्रत्येक योजनेत चारा, विमा, बँक यांच्या जोडीला काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शकाची तरतूद असायला हवी होती.

वाहकाच्या या गोष्टीमुळे तपासणीलाही एक मर्यादा येते, ती लपवण्यात अर्थ नाही. धडधाकट गावरान गायीच्या रक्तात थायलेरियाचे दोन-चार ठिपके दिसले म्हणजे ती त्यानेच आजारी आहे, असे नव्हे. तिचा ताप दुसऱ्याच कशाचा असू शकतो. उलट संकरित गायीत आजाराच्या अगदी सुरुवातीला रक्तात काहीच दिसणार नाही आणि गाठीत दिसेल. काचपट्टी वाचायला नजर लागते आणि ती गायीकडे पाहून वाचावी लागते. प्रतिपिंडांच्या चाचण्यांचेही असेच. त्या 'या जनावराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती' एवढेच सांगतात. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची लस कालवडी-वगारींना चार ते आठ महिन्यांच्या वयातच टोचतात, त्यामागचे एक कारण हेच आहे. मोठ्या वयात टोचली तर लसीने तयार झालेली प्रतिपिंडे रेंगाळतात आणि पुढे चाचणीत लस टोचलेली गाय कोणती, आजारी कोणती, हे कळेनासे होते.

उशीर झालेल्या गायीला शेवटी रक्त द्यावे लागते. मोठ्या जनावरांना रक्त देतात हेच अनेकांना नवल वाटते, पण ते शक्य आहे आणि वेळेत दिले तर गाय उठते. इथे मात्र रोगप्रतिकारशास्त्र आडवे येते. रक्तगटांची गोष्ट माणसापासून सुरू झाली असे आपण समजतो. प्रत्यक्षात 1900 मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख आणि युलियस मॉर्गेनरोथ यांनी एका बकरीचे रक्त दुसऱ्या बकरीला टोचून पाहिले. टोचून घेणाऱ्या बकरीच्या शरीरात परक्या बकरीच्या पेशी फोडणारी द्रव्ये तयार झाली, स्वतःच्या पेशी फोडणारी झाली नाहीत. एकाच जातीच्या दोन जनावरांचे रक्त सारखे नसते, हे तेव्हा दिसले. माणसाचे ए, बी, ओ गट लँडस्टायनरने त्याच सुमारास व्हिएन्नात मांडले.

गायीत रक्तगटांच्या 11 प्रणाली आहेत आणि त्यातल्या एकट्या बी प्रणालीत साठाहून अधिक घटक. दोन गायींचे रक्त तंतोतंत जुळणे म्हणूनच जवळजवळ अशक्य. या वैविध्याचा उपयोग एके काळी वळूचे पितृत्व ठरवायला केला जाई. असेच काम चालू असताना अमेरिकेत विस्कॉन्सिनला रे ओवेन यांना 1945 मध्ये जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या तांबड्या पेशी सुखाने नांदताना आढळल्या. शरीर परक्याला आपले मानायला शिकू शकते, ही कल्पना त्यातून पुढे आली. 1960 चे नोबेल बर्नेट आणि मेडावर यांना मिळाले ते त्याच वाटेवरच्या कामासाठी. अवयवरोपणाच्या शास्त्राची एक मुळी अशी गोठ्यात आहे.

आपल्या कोठ्यापुरते सांगायचे तर गायीला पहिल्यांदा दिलेले रक्त बहुधा चालून जाते. माणसात ए गटवाल्याच्या अंगात बी विरुद्धची प्रतिपिंडे आधीच असतात, तशी गायीत सहसा नसतात. पण पहिल्या रक्ताने तिचे शरीर शिकते. आठवडाभरानंतर त्याच जनावराचे रक्त पुन्हा दिले तर ते उसळू शकते. गाय थरथरते, लाळ गळते, उचक्या लागतात, धाप लागते, कधी ती जागीच पडते. म्हणून पहिली काही मिनिटे रक्त थेंब-थेंब सोडायचे, गायीवर डोळा ठेवायचा, ॲड्रेनालिन हाताशी ठेवायचे. शक्य तिथे दोघांचे रक्त आधी जुळवून पाहायचे. गायीच्या पेशी माणसाच्या पेशींसारख्या सहज गुठळत नाहीत, त्यामुळे ही जुळवणी प्रयोगशाळेतच नीट होते. मांजर पाळणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. मांजरात जन्मजात प्रतिपिंडे असतात आणि बी गटाच्या मांजराला ए गटाचे थोडे रक्त पहिल्याच वेळी जीवघेणे ठरू शकते.

रक्त देणारा कोण? बहुतेक वेळा त्याच कोठ्यातला बैल. चारशे किलोच्या निरोगी बैलाच्या अंगात तीसेक लिटर रक्त असते आणि त्यातले चार लिटर तो सहज देतो. पण निरोगी दिसणारा बैल ॲनाप्लाझ्माचा वाहक असू शकतो. त्याचीही काचपट्टी आधी पाहिली नाही तर एक ताप बरा करताना दुसरा ताप आपल्याच हाताने टोचला जातो. हा ॲनाप्लाझ्मा रक्त लागलेल्या सुईनेही पसरतो. एकाच सुईने साऱ्या कोठ्याला टोचत जाणारा माणूस कितीही स्वस्त असो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

या सगळ्याला नवी यंत्रणा उभारायला हवी असे नाही. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, अमरावतीला जिल्हा सर्वचिकित्सालय आहे, 1962 क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आहे आणि त्या क्रमांकावर लसीकरणाची नोंद होते. त्याच नोंदीत 'या गायीला अमुक तारखेला अमुक जनावराचे रक्त दिले' ही एक ओळ का असू नये? पुढच्या वेळी येणाऱ्या डॉक्टरला ती ओळ गाय वाचवायला पुरेल. पशुसंवर्धन विभागाने तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात पावसाळ्याच्या महिन्यांत किती काचपट्ट्या रंगवून पाहिल्या, किती गायींना बुपारव्हाक्वोन दिले, हेही लसीकरणाच्या आकड्यांसारखे दरमहा जाहीर करावे. लसीचे आकडे दिमाखात छापले जातात. निदानाचे आकडे कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

थायलेरियावर देशी बनावटीची लस आहे, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची. ती जिवंत पेशींची असल्याने द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि ही अडचण सांगून तो विषय नेहमी बाजूला टाकला जातो. पण कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनची टाकी गावोगावी जातेच. ज्या टाकीतून संकरित वासराचे बीज येते, तिच्याच सोबतीने त्या वासराची लसही यावी, ही मागणी यंदाच्या पावसाळ्यापूर्वी अचलपूर, चांदूर बाजार आणि अंजनगावच्या दूध संस्थांनी लेखी करावी. तोवर शेतकऱ्याने डॉक्टरला एवढे तरी म्हणावे, 'साहेब, पहिले रक्त घ्या, मग इंजेक्शन द्या.' नमुना औषधाच्या आधी घेतलेलाच खरे बोलतो. बाटली जांभळ्या झाकणाची, थंड जागी ठेवलेली, तिच्यावर बिल्ल्याचा क्रमांक लिहिलेला असावा आणि ती त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे निघावी.