लायगोचं लेझर: नुसते वॅट वाढवून भागत नाही

जालन्याहून परभणी जिल्हा ओलांडला की हिंगोली. तिथे औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. चर्चा कोटींचीच झाली. खरी कसोटी लेझरची आहे.

अमेरिकेतल्या लायगोत सुमारे २ वॅटचा किरण अ‍ॅम्प्लिफायरमधून १०० वॅटच्या वर नेतात. पण ताकद वाढवताना आतला क्रिस्टल तापतो, मधे जास्त, कडेला कमी. मग तो भिंगासारखा वागतो आणि किरणाचा आकार बिघडतो. ४ किलोमीटरच्या बाहूत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून छोटा फरक मोजायचा, तर हे चालत नाही.

उपाय दोन. क्रिस्टल थंड ठेवायचा आणि पुढे आरशांची चाळणी लावायची. ती फक्त नीट गोल किरण पुढे सोडते, बाकीचा प्रकाश बाजूला काढते. म्हणजे आकार बिघडला, तर वाढवलेले वॅट वायाच!

हे सांभाळायला ऑप्टिक्स, कूलिंग आणि कंट्रोल सॉफ्टवेअर येणारी माणसं लागतात. मराठवाड्यातल्या पोरांना तिथे फक्त बांधकामाची कामं मिळणार की लेझरची, हे आपल्या कॉलेजांतल्या लॅब आज काय शिकवतात त्यावर ठरेल.