शेअरची वही संगणकात, पण ती वाचणार कोण?

जांगड दिलेले थान आणि विकलेले थान एकाच रकान्यात लिहिले, तर वर्षअखेरीस हिशेब जुळत नाही. हे कापडाच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या वडिलांच्या काळी मुनीम रजेवर गेला तरी दुकान अडत नसे. रोजमेळ आणि खतावणी कशी वाचायची, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे.

आता वही संगणकात गेली आहे. दुकानाच्या नफ्यातून थोडी रक्कम आम्ही निवडक कंपन्यांच्या शेअरमध्ये घातली. खरेदी-विक्रीच्या नोंदीसाठी मुलाने एक सॉफ्टवेअर बसवले आणि तोच नोंदी करी. पुढे तो नोकरीसाठी आखातात गेला. विवरणपत्र भरण्याची वेळ आली तेव्हा आम्ही संगणकासमोर बसलो, आकडे दिसले, पण त्यांचा अर्थ लागेना. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. कोणती नोंद कशी करायची, हे घरात कोणी लिहूनच ठेवले नव्हते.

यात नुकसान कसे होते, ते एका उदाहरणाने पाहू. दलाली तूर्त बाजूला ठेवू. चार वर्षांपूर्वी ३०० रुपये भावाने १०० शेअर घेतले, खर्च ३०,००० रुपये. पुढे कंपनीने एकास एक बोनस दिला आणि शेअर २०० झाले. त्यांतले १०० शेअर १८० रुपयांनी विकले, हाती १८,००० रुपये आले. बोनसची नोंद शेअरच्या विभाजनासारखी केली असेल, तर सॉफ्टवेअर प्रत्येक शेअरची किंमत १५० रुपये धरते आणि ३,००० रुपये नफा दाखवते. आपला आयकर कायदा मात्र बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतो, आणि डीमॅट खात्यातून आधी आलेला शेअर आधी गेला असे मानतो. म्हणजे या विक्रीत १२,००० रुपयांचा तोटा आहे. नफा पुढे बोनसचे शेअर विकताना येईल. एका चुकीच्या नोंदीने तोट्याचा नफा झाला!

सॉफ्टवेअरसोबत माहितीपुस्तिका असते, हे खरे. ग्नूकॅश या मोफत हिशेबी सॉफ्टवेअरची पहिली स्थिर आवृत्ती १९९८ साली आली. त्याच्या मार्गदर्शिकेत गुंतवणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण परदेशात तयार झालेल्या पुस्तिकेत आपल्या करकायद्याची उदाहरणे कशी सापडणार? ते पान आपणच लिहिले पाहिजे.

आम्ही आता साध्या वहीत चार पाने लिहिली आहेत. पहिले, तारीख दलालाच्या सौदाचिठ्ठीवरची घ्यावी, पैसे खात्यातून गेले त्या दिवसाची नव्हे. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे, त्याहून जास्त काळ ठेवलेल्यांवर वर्षाला सव्वा लाखापुढील नफ्यावर साडेबारा टक्के. एका दिवसाने फरक पडतो. दुसरे, दलाली खरेदी किमतीत मिळवावी, पण रोखे व्यवहार कर वेगळा लिहावा, कारण नफा काढताना त्याची वजावट मिळत नाही. तिसरे, बोनसची नोंद शून्य किमतीने आणि त्याच्या स्वतःच्या तारखेने करावी. चौथे, लाभांश कंपनीवार वेगळ्या खात्यात दाखवावा. ज्यांना व्याजाचा अंश बाजूला काढून द्यायचा असतो आणि जकातीचा हिशेब करायचा असतो, त्यांचे काम त्याशिवाय होत नाही.

ही पाने लिहून झाल्यावर आम्ही ती पुतण्याच्या हाती दिली आणि एक सौदा त्याला एकट्याने नोंदवायला लावला. दोन ठिकाणी तो अडला. तिथे दोष पुतण्याचा नव्हता, आमच्या लिहिण्याचा होता. ती वाक्ये आम्ही बदलली.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही बाजारात शिकलो आणि संगणक तर पन्नाशीनंतर. म्हणूनच सांगतो, असे पान लिहायला पदवी लागत नाही. ज्याला जी भाषा येते, तिच्यात लिहावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. हातोहातच्या सौद्याला तिथे सवलत आहे. पण शेअरचा सौदा हातोहात मिटला तरी त्याचा जाब चार वर्षांनी विचारला जातो, आणि उद्या आपण नसलो तर वारसांना विचारला जातो.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, ज्याच्या हाती घरचा संगणक आहे, त्याला येत्या रविवारी शेजारी बसवा आणि त्याच्याकडून ही पाने लिहून घ्या. ज्या हिशेबाचा अर्थ घरात एकालाच कळतो, तो हिशेब घराचा नव्हे.