पाकिटावरचा उतारा आणि विजेची मोटार

येत्या जिल्हा बैठकीपुढे दोन ठराव आले आहेत. एका तालुक्याचे म्हणणे असे की, विजेवरच्या मोटारी हे शहरी लोकांचे थोतांड आहे, संघटनेने त्यांना जाहीर विरोध करावा. दुसऱ्या तालुक्याचे म्हणणे नेमके उलटे. सरकार विजेच्या गाड्यांना सवलती देते, तशी विजेच्या ट्रॅक्टरला पन्नास टक्के सबसिडी मागावी. दोन्ही ठराव लिहिणारे आमचे जवळचे कार्यकर्ते आहेत आणि दोन्ही ठराव नामंजूर व्हावेत असे आमचे मत आहे. का, ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे बैठकीत कापसाच्या विषयाला वेळ उरेल.

आम्ही कृषी पदवी घेऊन बाहेर पडलो ते २००२ साली, बीटी कापूस आला त्याच वर्षी. संशोधन केंद्राच्या भारी जमिनीत, वेळच्या वेळी पाणी, खत, फवारणी आणि हाताशी मजूर असताना एकरी बारा क्विंटल कापूस आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. तेच बियाणे मुरमाड रानात, मृगाची ओढ आणि पोळ्यानंतरचा खंड सोसून चार क्विंटलवर येते, हेही नंतर गावोगाव पाहिले. बियाणे खोटे नव्हते. पाकिटावर उतारा छापला होता, पण तो कोणत्या रानातला हे छापले नव्हते. विजेच्या मोटारीचे माहितीपत्रक आमच्या हाती आले तेव्हा हे पाकीटच आठवले.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका सहकाऱ्याच्या विजेच्या गाडीतून आम्ही पाच जण यवतमाळहून नागपूरला बैठकीला गेलो. बॅटरी तीस युनिटची. कागदावर एका चार्जिंगला तीनशेच्या वर किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पुरेल असा हिशेब. ऊन पंचेचाळीसच्या घरात, एसी चालू, रस्ता मोकळा म्हणून वेगही चांगला. नागपूर येईतो दीडशे किलोमीटरमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर बॅटरी संपली. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या घरच्या सॉकेटवर तीन तास गाडी लावली, नऊ युनिट भरले. परतीला देवळीजवळ बॅटरी तेरा टक्क्यांवर आली आणि रस्त्यावरचे चार्जिंगचे मशीन बंद. शेवटी एका ढाब्यावर वायर टाकून चार तास बसलो. ढाबेवाल्याने विजेचे पैसे घेतले नाहीत, पण चहा-भजी मिळून आमचे डिझेलपेक्षा जास्त गेले!

गाडी वाईट होती का? मुळीच नाही. जागेवरून अशी उचलते की डिझेल गाडीने हेवा करावा. क्लच नाही, गिअर नाही, ऑइल बदलणे नाही, आवाज नाही. चालवणारा आमचा सहकारी आजही ती विकायला तयार नाही. पण तीनशेच्या वर सांगितलेला पल्ला आम्हाला दोनशेदहाच्या आसपास मिळाला. पल्ल्याचा आकडा काढला जातो तो चाचणीकेंद्रात, रोलरवर, कमी वेगाने, एसी बंद ठेवून. पेट्रोल गाडीचे मायलेजही असेच काढतात, तेव्हा हे पाप एकट्या विजेच्या गाडीचे नव्हे. फरक एवढाच की पेट्रोल संपले तर बाटलीत आणता येते. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने एका नावाजलेल्या विजेच्या मोटारीची सबसिडी याच कारणावरून थांबवली होती. सांगितलेला पल्ला मिळत नाही अशी ग्राहकाची तक्रार होती. पुढे हायकोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तिथे निदान तक्रार वर पोचली. बियाण्याच्या पाकिटावरून कोणाची सबसिडी थांबल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता पैशाचा हिशेब करू. एकाच बनावटीची पेट्रोल आणि विजेची गाडी घेतली तर विजेची साधारण तीन-चार लाखांनी महाग पडते. पेट्रोल आपल्याकडे शंभराच्या वर आहे. पंधरा किलोमीटरचे मायलेज धरले तर किलोमीटरला सात रुपये. घरच्या मीटरवर सगळे आकार धरून युनिट दहा-बारा रुपयांना पडते आणि चार्जिंगमधली घट धरून युनिटला सहा किलोमीटर मिळतात, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. वाचले पाच. साडेतीन लाख भागिले पाच म्हणजे सत्तर हजार किलोमीटर. वर्षाला पन्नास हजार किलोमीटर गाडी पळवणारा टॅक्सीवाला दीड वर्षात वसूल होतो. आपला कास्तकार लग्नकार्य, दवाखाना, बाजार मिळून वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटर फिरतो. त्याला आठ वर्षे लागतात, आणि बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या देतात तीही आठच वर्षांची. कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही. रस्त्यावरच्या जलद चार्जिंगला युनिट वीस रुपयांच्या आसपास मोजावे लागले तर वसुली आणखी लांबते. बागायतीचे पीक आहे हे. ज्याच्याकडे पाणी आहे, म्हणजे इथे रोजची धाव आहे, त्याने जरूर लावावे. कोरडवाहूवाल्याने शेजाऱ्याचे पाहून लावू नये.

तिसरा दावा पर्यावरणाचा. यावर आमच्या पहिल्या ठरावाचा सगळा जोर आहे, आणि तिथेच तो चुकला आहे. ‘वीज कोळशाचीच, मग फायदा काय?’ असे त्यात लिहिले आहे. फायदा आहे, पण सांगतात तेवढा नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो. तेल काढणे, शुद्ध करणे, वाहून आणणे धरले तर पेट्रोल गाडीचा किलोमीटरला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास हिशेब बसतो. आपल्या देशाच्या विजेला सरासरीने युनिटमागे सुमारे ०.७ किलो लागतो, म्हणजे विजेच्या गाडीचा किलोमीटरला एकशेवीस ग्रॅम. तीस युनिटची बॅटरी बनवताना आधीच दोन-तीन टन कर्बवायू गेलेला असतो. तो फिटायला चाळीस-पन्नास हजार किलोमीटर गाडी पळावी लागते. त्यापुढे ती खरोखर कमी घाण करते, आणि विजेत सौरचा वाटा वाढेल तसे हे अंतर वाढत जाईल. कोबाल्टसाठी काँगोत लहान मुले खाणीत उतरतात हेही खरे आहे, पण आपल्याकडच्या बऱ्याच नव्या गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी येते, तीत कोबाल्ट नसतो. खोट्या आधारावर विरोध केला तर उद्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

खरी तक्रार वेगळी आहे. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते. ‘निम्मी क्षमता बिगर-कोळशाची झाली’ असे २०२५ मध्ये जाहीर झाले, ते खरे आहे. पण क्षमता म्हणजे पेरा, आणि उत्पादन म्हणजे घरात आलेला माल. मालात अजून कोळसाच पुढे आहे. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राख असते. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर. एका गाडीला साधारण एकशेवीस युनिट लागतील, त्यातली नव्वद कोळशाची, म्हणजे साठ किलो कोळसा, म्हणजे वीस किलो राख. गाडी मुंबईत बिनधुराची पोचते आणि राखेची गोणी इथे विदर्भात उतरते. चंद्रपूर आणि कोराडीच्या आसपास ज्यांची वावरे आहेत त्यांना हे सांगायला नको. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल नाल्यांत, शेतांत आणि पुढे नदीत गेला. तो विजेच्या मोटारींमुळे फुटला नाही, तेव्हा त्या फारशा नव्हत्याच. पण उद्या शहराची वाहने आपल्या विजेवर धावायची असतील तर धूर तिथून उचलून इथे ठेवला जातो, आणि ज्याच्या पऱ्हाटीवर तो बसतो त्याचे नाव कोणत्याही हिशेबात नाही. पर्यावरणाच्या नावाने सवलत द्यायची तर तिचा पहिला वाटा राखेच्या भरपाईला लागला पाहिजे.

आणि सवलती कोणाला मिळाल्या ते पाहा. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर जीएसटी पाच टक्के झाला. ट्रॅक्टरवर तो बारा टक्के होता आणि पाच टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. म्हणजे सहा वर्षे पंधरा लाखांची मोटार पाच टक्क्यांत आणि सहा लाखांचा ट्रॅक्टर बारा टक्क्यांत. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना सहा टक्के कर सुचवला गेला. तो त्याच महिन्यात मागे घेतला. पाच महिन्यांनी केंद्राने कापसाच्या आयातीवरचे अकरा टक्के शुल्क काढले, आणि मागे घ्या म्हणून आपण ओरडत असताना त्याची मुदत उलट डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली. साठ लाखांच्या गाडीवाल्याचे म्हणणे तीन आठवड्यांत ऐकू आले, आठ हजारांच्या क्विंटलवाल्याचे मात्र पूर्ण हंगामात ऐकू आले नाही.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी ठरली. समृद्धीखाली गेलेली जमीन कोणाची, हे इथे वाचणाऱ्यांतल्या अनेकांना पाठ आहे. त्या रस्त्यावर ट्रॅक्टरला तर बंदीच आहे. कापूस भरलेली पिकअप गेली की टोल, आणि त्या पिकअपच्या डिझेलवर पुन्हा कर. विजेची मोटार तेवढी फुकट. गरीब रस्ता भरतो, श्रीमंत त्यावरून स्वच्छ हवेची शपथ घेत जातो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, गाडीला विरोध करू नये, माफीला करावा. यंत्र चांगले असेल तर ते स्वतःच्या पायावर उभे राहील. तंत्रज्ञानाला घाबरून बंदी मागणे हे आपले काम नव्हे. बियाण्याच्या बाबतीत आपण जे मागितले, निवडीचे स्वातंत्र्य, तेच मोटार घेणाऱ्यालाही आहे. फक्त त्याच्या निवडीचे बिल आपल्या नावावर फाटू नये.

आता दुसरा ठराव, ट्रॅक्टरचा. डिसेंबर २०२० मध्ये सोनालिकाने विजेवरचा छोटा ट्रॅक्टर बाजारात आणला. सुरुवातीची किंमत ५.९९ लाख, बॅटरी साडेपंचवीस युनिटची. फवारणी, हलकी डवरणी, बागेतली कामे, रिकामी-भरली ट्रॉली यांना तो चालेल. पण आपली उन्हाळी नांगरट धरा. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काळ्या रानात तासाला पाच लिटर डिझेल सहज पितो. आठ तासांना चाळीस लिटर. लिटरमागे इंजिन सुमारे तीन युनिटचे काम देते, म्हणजे दिवसाचे एकशेवीस युनिट. मोटारीची घट धरून एकशेचाळीस युनिटची बॅटरी लागेल, तिचे एकटीचे वजन टनाच्या घरात जाईल आणि किंमत ट्रॅक्टरहून जास्त होईल. साडेपंचवीसची बॅटरी नांगराला लावली तर दीड तासात बांधावर उभी. आणि ती भरायची कुठे? ज्या गावात पंपाला तीन फेज वीज रात्री मिळाली म्हणून साप-विंचवात पाणी द्यावे लागते, तिथे? उद्या बॅटऱ्या हलक्या-स्वस्त झाल्या तर हा हिशेब बदलेल, आम्ही तो पुन्हा मांडू. पण आज सबसिडी मागितली तर ती कोणाच्या घरात जाते हे ठिबकच्या वेळी पाहिले आहे. अनुदान जाहीर झाले की आधी यादीतली किंमत चढते.

मागायचेच असेल तर एक जागा आहे. या गाड्या खरोखर स्वच्छ व्हायच्या असतील तर सौर वीज लागेल आणि ती उभी राहणार आपल्याच पडीक-हलक्या रानात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरला वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ ठरली आहे. म्हणजे एकरी पन्नास हजार. त्याच एकरात आठ क्विंटल ज्वारी झाली आणि २०२५-२६ चा हमीभाव ३,६९९ रुपये पूर्ण मिळाला, तरी खर्च वजा न करता तीस हजारही होत नाहीत. आम्ही कृषीचे पदवीधर, ज्वारीच्या रानात काचा बघून पोटात कालवते, पण हा हिशेब आम्हाला खोडता येत नाही. मात्र करार लांब मुदतीचा आहे. करारपत्रात भाडे थकले तर काय, मुदत संपल्यावर पाया कोण उखडणार, वारसांची नोंद कशी होणार, हे वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये. विदर्भात दोन-तीन ठिकाणी सह्या झाल्या आहेत आणि सही करणाऱ्यांच्या घरी कराराची प्रत नाही, असे आम्हाला समजले आहे.

तेव्हा बैठकीत आम्ही तिसरा ठराव मांडू. समृद्धीवर शेतमालाच्या गाडीला टोलमाफी मिळावी किंवा मग कोणालाच नको, राखेने बाधित शिवाराची मोजणी आणि भरपाई व्हावी, आणि सौर भाडेकराराचा मराठी नमुना ग्रामसभेपुढे वाचूनच सही व्हावी. यासाठी आकडे लागतील. ज्यांचा कापूस यंदा पिकअपने गेला त्यांनी टोल कापल्याचे मोबाईलवरचे मेसेज गाडीवाल्याकडून मागून आणावेत. वीज केंद्राजवळच्या गावांनी राख बसलेल्या वावराचे सातबारे आणावेत. आणि ज्यांनी सौरला जमीन दिली त्यांनी करारपत्र, किंवा ते मिळाले नसेल तर भाडे जमा झालेल्या पासबुकाचे पान आणावे. पान फाटलेले असले तरी चालेल, तारीख आणि रक्कम दिसली पाहिजे.