शिवार हीही कामाचीच जागा

कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य हा अलीकडे प्रतिष्ठेचा विषय झाला आहे. महानगरांतील कंपन्या समुपदेशक नेमतात, ताणमुक्तीची शिबिरे भरवतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हे स्वागतार्हच आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यात कामाची जागा म्हणजे प्रामुख्याने कापसाचे शिवार. तिथे ना मनुष्यबळ विभाग, ना तक्रार निवारण समिती.

२०१७ च्या खरीप हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा अंगावर आणि श्वासात उतरत होता. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरते निर्बंध घातले. वास्तविक फवारणाऱ्यास संरक्षक पोशाख असावा, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच नमूद आहे. नियम होता, हातमोजे नव्हते!

मुखवटे वाटले की प्रश्न सुटतो, असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळू लागले, तरी मजूर पंप खाली ठेवत नाही. कारण थांबला तर मजुरी बुडते आणि वर कामचुकारपणाचा शिक्का बसतो. ‘आज जमणार नाही’ हे निर्भयपणे सांगता येणे, हीच मानसिक सुरक्षिततेची पहिली खूण होय. आणि मालक तरी कुठे मोकळा आहे? उधारीवर उभे केलेले पीक बोंडअळीच्या तोंडी जाताना तो मजुराला कोणत्या तोंडाने थांबवणार? अनेकदा तर पंप त्याच्याच पाठीवर असतो.

याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी सामूहिक आत्महत्या केली. त्यानंतर समित्या झाल्या, पॅकेजे आली. शेतकऱ्याच्या मनाकडे शासनाचे लक्ष जायला मात्र २०१५ चे बळीराजा चेतना अभियान आणि प्रेरणा प्रकल्प उजाडावे लागले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी पाठवले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. डॉक्टरपाशी न बोलणारा माणूस ओळखीच्या माणसापाशी बोलतो, एवढे यातून दिसते. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, हा आक्षेप खराच. पण कर्जाच्या बोज्याखाली माणूस जगला पाहिजे, हेही तितकेच खरे.

हे काम केवळ सरकारवर सोडता येणार नाही. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी ग्रामसभेत दोन गोष्टी ठरू शकतात: कृषी सेवा केंद्राने हातमोजे व मुखवटा दिल्याविना औषधाची बाटली देऊ नये, आणि प्रकृती बिघडल्याने मजूर मध्येच थांबला तरी त्याची दिवसभराची मजुरी कापली जाऊ नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांकही त्याच केंद्राच्या दारावर, भावफलकाशेजारी लिहिता येईल.