भाईच्या राज्यात सरकार कुठे होते?

2025 च्या सप्टेंबर महिन्यात अरुण गवळी नागपूरच्या तुरुंगातून जामिनावर सुटला. शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या 2007 सालच्या खुनात त्याला 2012 मध्ये जन्मठेप झालेली आहे. दगडी चाळीत त्याचे स्वागत झाले, वाहिन्यांनी ते दाखवले आणि शिकल्यासवरल्या मंडळींनी नेहमीप्रमाणे नाके मुरडली. लोकांना काही लाज आहे की नाही, खुनातल्या आरोपीला 'डॅडी' म्हणतात! नाक मुरडणे सोपे आहे. ही माणसे त्याला डॅडी का म्हणू लागली आणि तेव्हा सरकार नावाची वस्तू कुठे होती, हा प्रश्न अवघड आहे.

गडहिंग्लजकरांना हा प्रश्न परका नाही. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतून पिढ्यान् पिढ्या माणूस मुंबईच्या गिरणीत गेला. लालबाग, परळ, काळाचौकी, भायखळा इथल्या चाळींत गावागावाच्या खोल्या असत. एका खोलीत पाळीपाळीने दहा-वीस माणसे झोपायची, खानावळीत जेवायची आणि महिन्याला गावाकडे मनीऑर्डर धाडायची. गडहिंग्लजच्या बाजारपेठेला मिरची आणि गुळाने जगवले असे आपण सांगतो, पण त्या मनीऑर्डरीनेही जगवले हे सांगत नाही. म्हणून मुंबईच्या टोळ्यांचा इतिहास हा आपल्याही तालुक्यांचा इतिहास आहे. फक्त तो आपल्या बाजूने फारसा कुणी लिहिलेला नाही.

दुसऱ्यांनी मात्र पुष्कळ लिहिले आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत जगभरच्या विद्यापीठांत टोळ्यांच्या कारभारावर एक शास्त्रच उभे राहिले. चार्ल्स टिली या अमेरिकन अभ्यासकाने 1985 मध्ये असे मांडले, की आधी भीती निर्माण करायची आणि मग त्या भीतीपासून संरक्षण देण्याचे पैसे घ्यायचे, हा गुंडाचा धंदा आणि युरोपातली राज्ये जशी उभी राहिली ती रीत यांत फार फरक नाही. दिएगो गॅम्बेटा यांनी 1993 मध्ये सिसिलीच्या माफियावर लिहिताना माफिया हा 'संरक्षण' विकणारा व्यापारी आहे असे म्हटले. थॉमस ब्लॉम हॅन्सन यांनी 2001 मध्ये मुंबई-ठाण्यातल्या शिवसेनेवर आणि तिच्या हिंसेवर पुस्तक लिहिले. मिलन वैष्णव यांनी 2017 मध्ये असे दाखवले, की भारतातला मतदार अडाणी म्हणून गुन्हेगाराला मत देत नाही. कायदा आपले काम करत नाही हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो 'आपले काम करणारा' शोधतो.

या सगळ्यातून वर्तमानपत्रांपर्यंत झिरपते ते एकच वाक्य : जिथे सरकार पोचत नाही तिथे टोळी राज्य करते. म्हणजे उपाय काय, तर पोलीस चौकी वाढवा, कॅमेरे लावा, सरकार पोचवा. ऐकायला बरे वाटते. पण कोलंबियातल्या मेडेलिन शहरात ब्लॅटमन, लेसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने या समजुतीलाच तडा दिला. तिथे 1987 मध्ये शहराच्या प्रशासकीय हद्दी बदलल्या. काही वस्त्या सरकारी कचेऱ्यांच्या जवळ आल्या, काही लांब राहिल्या. तीस वर्षांनी पाहिले तर जिथे सरकार जवळ होते, तिथे टोळीचा कारभार कमी नव्हे, अधिक आढळला. सरकार जवळ आले की टोळीही लोकांची भांडणे जास्त तत्परतेने मिटवू लागते, कारण लोकांनी पोलिसांकडे न जाणे हे तिच्या अमली पदार्थांच्या धंद्याला आवश्यक असते. सरकार आणि टोळी एकमेकांच्या शेजारी मजेत नांदू शकतात. हे शोधायला मेडेलिनला जावे लागले याचे मात्र हसू येते. काळाचौकीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या गिरणी कामगाराने ते चहाच्या एका कपात सांगितले असते.

गिरणगावात सरकार गैरहजर कधीच नव्हते. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात तिथल्या 'दादा'चे चित्र काढले आहे. तो तालीम चालवायचा, सणांचे मेळे काढायचा, उसनवारी द्यायचा, भांडणे तोडायचा. संप आला की कधी मालकाच्या बाजूने संप फोडायचा, तर कधी कामगारांच्या बाजूने उभा राहायचा. गिरणीतला जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला माणूस कामाला लावायचा. इथे आपण एक गोष्ट जोडली पाहिजे. त्या 'आपला माणूस' या शब्दाला जात होती. विणकाम खात्यात पगार बरा, पण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले आणि ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिलेले. दादा आणि जॉबर त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलेले नव्हते. तेव्हा टोळ्यांच्या आधीचे गिरणगाव म्हणजे रामराज्य होते, अशी हळहळ आपण करण्याचे कारण नाही.

तरीही दादा आणि भाई यांत फरक आहे, आणि तो फरक घडवला गेला. 5 जून 1970 रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या खटल्यात आरोपी म्हणून शिवसैनिक उभे राहिले. त्या जागेची पोटनिवडणूक झाली आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. 1974 च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. 10 जानेवारीला पँथरच्या मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव यांचा बळी गेला. त्याआधी पाच दिवस रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीने गेले होते. या काळात पोलीस कुठे होते असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. ते तिथेच होते. लाल बावट्याची युनियन आणि निळ्या झेंड्याचा तरुण हे दोघेही सरकारला नको होते, आणि नको असलेल्यांना परस्पर हटवणारे हात सरकारने चालू दिले.

मग 18 जानेवारी 1982 उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने गिरणीत एकाच संघटनेला वाटाघाटीचा मक्ता दिलेला होता, कामगारांना ती संघटना नको होती. सरकारने तो कायदा सोडला नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरघळला. माणसे ट्रंक उचलून गडहिंग्लजला परतली, कुणी शेतात गेला, कुणी रिक्षा धरली, कुणी दारूत गेला. जी पोरे चाळीतच राहिली त्यांच्यापुढे गिरणीचे दार बंद झालेले होते. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी साठच्या दशकात उभा केलेला मटका होता, हातभट्टी होती आणि टोळ्या होत्या. गवळी हा याच गिरणी कामगाराच्या घरातला पोरगा. संघटनेची कचेरी ओस पडली तशी चाळीतल्या माणसाने भाडेकरूचे भांडण, पोराची नोकरी, मयताचा खर्च घेऊन दगडी चाळीच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. 1997 मध्ये गवळीने अखिल भारतीय सेना काढली, 2004 मध्ये तो चिंचपोकळीतून आमदार झाला. ज्या भागाने कृष्णा देसाईंना निवडून दिले होते, त्याच भागातली ही गोष्ट.

टोळीला खरा माल मिळाला तो मात्र जमिनीत. लायझा वाइनस्टीन या अभ्यासक बाईंनी 2008 मध्ये हे नीट मांडले आहे. आयात खुली झाली, सोन्याच्या तस्करीत राम राहिला नाही, तसे मुंबईचे टोळीवाले जागांच्या आणि बांधकामाच्या धंद्यात शिरले आणि तिथे त्यांची गाठ राजकारण्यांशी व अधिकाऱ्यांशी पडली. 1991 मध्ये गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग विकायला मुभा देणारा नियम आला. 1994 मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव भर रस्त्यात मारले गेले. 16 जानेवारी 1997 ला पवईत डॉ. सामंतांना गोळ्या घातल्या. 2001 मध्ये नियम असा बदलला की घरांसाठी आणि मोकळ्या जागेसाठी सुटणारी जमीन फक्त रिकाम्या भूखंडापुरती मोजायची. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. पिस्तूल आणि परिपत्रक एकाच जमिनीवर चालत होते. पिस्तूलवाला आत गेला, परिपत्रकावर टॉवर उभे राहिले. केंद्रीय गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या समितीने 1993 मध्येच सांगितले होते की गुन्हेगारांची जाळी राजकारणी आणि नोकरशहांच्या आधाराने जवळजवळ समांतर सरकार चालवतात. अहवाल दोन वर्षे पडून राहिला आणि 1995 मध्ये मोजक्या पानांचा संसदेपुढे आला.

आपल्या तालुक्यातून मुंबईला फक्त पुरुष गेले नाहीत. यल्लम्माला सोडलेल्या मुली या सीमाभागातून कामाठीपुऱ्याला गेल्या. 16 जून 1936 रोजी बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, वाघ्या-मुरळी यांच्यापुढे उभे राहून हे जिणे सोडा असे बजावले होते. 1975 मध्ये डॉ. बाबा आढाव आणि प्रा. विठ्ठल बन्ने यांच्या पुढाकाराने देवदासींची परिषद भरली ती याच गडहिंग्लजमध्ये. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा आला त्यानंतर तीस वर्षांनी, 2005 चा. कामाठीपुऱ्यातली घरवाली, दलाल, हप्ता घेणारा शिपाई आणि टोळीचा माणूस, हे सगळे त्या मुलीवर राज्यच करत होते. शहरी टोळ्यांवरच्या संशोधनात पिस्तुले भरपूर सापडतात, पण ही बाई क्वचित सापडते. आता कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाची योजना सरकारने हाती घेतली आहे. तिथे आयुष्य संपवलेल्या बाईच्या नावावर खोली असणार का, याचे उत्तर द्यायला कुठल्या प्राध्यापकाची गरज नाही.

आणखी एक बाब चळवळीच्या वाचकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे उमेदवाराला आपल्यावरचे खटले प्रतिज्ञापत्रात लिहावे लागतात. हे चांगलेच झाले. पण त्यावरून 'गुन्हेगार उमेदवार' मोजणाऱ्या तक्त्यात खंडणीवाला आणि मोर्चेवाला शेजारी शेजारी बसतात. 3 जानेवारी 2018 च्या बंदानंतर राज्यभर आंबेडकरी तरुणांवर गुन्हे दाखल झाले. सरकारी कामात अडथळ्याच्या 353 कलमाची शिक्षा महाराष्ट्रात पाच वर्षांपर्यंत नेली गेली होती. म्हणजे तहसीलदाराच्या दारात घोषणा दिलेला आपला पोरगा कागदावर 'गंभीर गुन्ह्यातला' ठरू शकतो. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा 1952 मध्ये गेला आणि पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. टोळी कोणाला म्हणायचे हे ज्याच्या हातात आहे, त्याची जात विचारण्याची सवय आपण सोडता कामा नये.

पण म्हणून आपल्या वस्त्यांत काय चालले आहे ते झाकायचे काय? आज भाई व्हायला मुंबईला जावे लागत नाही. कोल्हापुरातच 2019 मध्ये मटक्याच्या अड्ड्यावर छापा टाकायला गेलेल्या पोलीस पथकावर हल्ला झाला आणि मोक्का लावावा लागला. तालुक्याच्या गावांत खाजगी सावकाराची वसुली, गाड्या ओढून आणणारी पोरे, तलवारीने केक कापलेले वाढदिवस आणि चौकातले फलक हे सगळे येऊन पोचले आहे. त्या फलकांवर खाली लहान फोटोंच्या रांगेत आपली पोरे असतात, वर मोठा फोटो कोणाचा असतो ते पाहावे. जयंतीची वर्गणी कुणाकडून आली हे विचारले की आपल्यातलेच कार्यकर्ते तोंड फिरवतात. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल इशारा दिला होता. तो आपण दिल्लीच्या नेत्यांना लावतो, गल्लीतल्या भाईला लावत नाही. आणि भाईकडे जाणारा पोरगा तरी काय करतो? ठाण्यात त्याची तक्रार घेतली जात नाही, बँक त्याला कर्ज देत नाही, संघटनेची शाखा वर्षातून दोनदा उघडते. भाई रात्री बारालाही फोन उचलतो. आपल्या शाखेचा फोन रात्री कोण उचलतो, हा हिशेब आधी झाला पाहिजे.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. 2012 च्या सोडतीत घरे होती 6,925. आता शेलू-वांगणीला घरे देऊ असे सांगतात, म्हणजे ज्या जमिनीवर माणसाने घाम गाळला तिथून कितीतरी मैल लांब. या मागणीसाठी म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा गडहिंग्लजच्या प्रांत कचेरीवरही मोर्चाने आल्या आहेत. अर्जाला गिरणीचे तिकीट, ईएसआयचे कार्ड, फंडाचा उतारा यांतले काहीतरी जोडावे लागते. संप विरघळल्यावर रात्रीच्या एस.टी.ने परतलेल्या कित्येकांचे हे कागद त्या गावच्या खोलीतल्या फळीवरच राहिले. चाळ पडली, फळी गेली, आणि कचेरीतला बाबू आजही पुरावा मागतो.